‘ड्युरेबल’ म्हणजे नक्की काय? ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायटीच्या मोठ्या दुरुस्तीची पायरीपायरीने माहिती

सोसायटीच्या कमिटीवर नव्याने आलात आणि पहिल्याच वर्षी इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा विषय समोर आला, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ठाण्यात, कळव्यात, ऐरोली-कोपरखैरण्यात, वाशी-नेरुळला पंचवीस-तीस वर्षं झालेल्या इमारती भरपूर आहेत. त्या दुरुस्त होतात आणि चार पावसाळ्यांत पुन्हा पोपडे सुटायला लागतात. सभासदांनी वर्गणी काढून भरलेला पैसा असा वाहून जाऊ नये, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिलं आहे.

कोटेशनं मागवलीत की एक शब्द प्रत्येक कागदावर दिसेल: ‘ड्युरेबल’. ड्युरेबल प्लास्टर, ड्युरेबल कोटिंग, ड्युरेबल वॉटरप्रूफिंग. सुरुवात तिथूनच करू.

१. आधी शब्द नीट समजून घ्या

‘ड्युरेबल’चा अर्थ आपण ‘टिकाऊ’ असा घेतो, आणि तो बरोबर आहे. गडबड होते ती टिकाऊ आणि मजबूत हे एकच मानल्यामुळे. शब्दाचं मूळ लॅटिनमधलं. तिथे ‘ड्युरुस’ म्हणजे कठीण आणि ‘ड्युरारे’ म्हणजे टिकून राहणं. बांधकामात मात्र या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. भार पेलण्याची ताकद ही स्ट्रेंग्थ. आजूबाजूच्या हवा-पाण्यात तीच ताकद वर्षानुवर्षं शाबूत राहणं ही ड्युरेबिलिटी. काँक्रीट कितीही ताकदीचं असो, सळईवर त्याचं आवरण दहाच मिलिमीटर असेल तर सळई गंजणार.

काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक आहे आयएस ४५६. त्याच्या मते ज्या वातावरणात काँक्रीट उभं राहणार आहे, तिथे अपेक्षित काळभर जे समाधानकारक काम देतं ते ड्युरेबल. म्हणजे कोणताही माल नुसताच ड्युरेबल नसतो. कुठे, किती वर्षं आणि कोणत्या देखभालीवर, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला कोटेशनमध्ये काही किंमत नाही.

आपलं वातावरण कोणतं, तेही हेच मानक सांगतं. त्यात पाच पायऱ्या आहेत: माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर, व्हेरी सिव्हिअर आणि एक्स्ट्रीम. किनारपट्टीची हवा, जोराचा पाऊस आणि आलटून पालटून भिजणं-वाळणं या गोष्टी ‘सिव्हिअर’मध्ये येतात. खाडीच्या दोन्ही अंगांना वसलेल्या आपल्या इमारतींचा बाहेरचा भाग किमान तिथे धरावा. या पायरीसाठी मानकाची किमान अट अशी: काँक्रीट एम ३० (‘एम’चा आकडा म्हणजे काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा), एका घनमीटरला सिमेंट ३२० किलो, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचं आवरण. हे आकडे मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीतले. त्याआधीच्या, १९७८च्या आवृत्तीत एम १५ काँक्रीट चालत असे. कव्हर स्लॅबला १५ आणि बीमला २५ मिलिमीटर पुरे मानलं जाई. तुमची इमारत १९८०-९०च्या दशकातली असेल तर ती त्या हिशेबाने बांधलेली आहे. नियम पाळून बांधलेली इमारतसुद्धा आज गंजते, त्याचं हे एक मोठं कारण.

कोटेशनवरचे आणखी काही शब्द:

– ‘लाँग लास्टिंग’: बहुतेक वेळा रंगाच्या चमकीबद्दल असतं. भिंतीच्या आरोग्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही.
– ‘लाइफटाइम’: कोणाचं आयुष्य, हे विचारा. इमारतीचं, मालाचं की कंपनीने ठरवून दिलेल्या वर्षांचं?
– ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘वॉटर रेझिस्टंट’: पहिल्यात पाणी आत येणार नाही असा दावा आहे, दुसऱ्यात फक्त ते उशिरा येईल असा. गच्चीसाठी दुसरा शब्द दिसला तर थांबा.
– ‘वॉरंटी’: बहुधा मालाची, कंपनीकडून. ‘गॅरंटी’: बहुधा कामाची, ठेकेदाराकडून. तुम्हाला दोन्ही हव्यात, आणि दोन वेगळ्या कागदांवर.

२. कागद आणि साधनं जमवा

कागद: मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मिळाले तर मूळ स्ट्रक्चरल ड्रॉइंग, आधीचे स्ट्रक्चरल ऑडिटचे (इमारतीच्या सांगाड्याच्या तपासणीचे) रिपोर्ट, मागच्या दुरुस्त्यांची बिलं आणि गॅरंटीपत्रं, सोसायटीचे उपविधी, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंडाची (पुढच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेल्या निधीची) आजची शिल्लक. मूळ ड्रॉइंग बहुतेक सोसायट्यांकडे नसतात. महापालिकेच्या नगररचना विभागात, आणि सिडकोने बांधलेल्या इमारतींसाठी सिडकोकडे, अर्ज करून पाहा. नाहीच मिळाली तर ऑडिट करणाऱ्या इंजिनिअरला जागेवर मोजमाप घेऊन ती तयार करावी लागतात. तसं कामाच्या यादीत आधीच लिहून घ्या.

साधनं: हलका हातोडा, खडू, टॉर्च, स्टीलची टेप, व्हर्निअर कॅलिपर, वजनकाटा आणि एक टक्क्याचं फिनॉल्फथॅलीनचं द्रावण भरलेली छोटी स्प्रेची बाटली. हे द्रावण प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतं. त्याचा उपयोग पुढे येतो.

३. पावसाळ्यातच नोंद करा

आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. गळती कुठून येते ते याच चार महिन्यांत दिसतं. डिसेंबरमध्ये इंजिनिअर पाहायला येतो तेव्हा भिंत कोरडी असते आणि डागाचा उगम सापडत नाही.

प्रत्येक घरातून तीन गोष्टी मागवा: डागाचा तारखेसह फोटो, पाऊस थांबल्यावर ओल किती दिवस राहिली, आणि वरच्या घरात त्या जागी काय आहे: न्हाणीघर, स्वयंपाकघर की काहीच नाही. पाऊस उघडून आठवडा झाला तरी ओल तशीच असेल तर पाणी बहुधा पावसाचं नाही. नळाचं, ड्रेनेजचं किंवा वरच्या न्हाणीतलं असावं. अशा जागी बाहेरून प्लास्टर करण्याचा काही उपयोग होत नाही.

खर्च कोणाचा, हेही इथेच ठरतं. मॉडेल उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार) गच्चीची गळती, बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती आणि गच्चीमुळे वरच्या मजल्याच्या छताचं झालेलं नुकसान सोसायटीने दुरुस्त करायचं. सभासदाच्या स्वतःच्या न्हाणी-संडास-सिंकमधली गळती त्या सभासदाने. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला हा नियम दाखवून वरच्या कुटुंबाशी बोलणं सोपं जातं. नुसता तोंडी वाद वर्षानुवर्षं चालतो.

४. स्ट्रक्चरल ऑडिट

मॉडेल उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. वापराला ३० वर्षं झाली की महापालिका कायद्याच्या कलम २६५-अ प्रमाणे संरचनात्मक स्थैर्याचा दाखलाही लागतो. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही महापालिकांच्या पॅनेलवर स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत. त्यांच्यापैकीच नेमा, नाहीतर रिपोर्ट मान्य होण्यात अडचण येते.

रिपोर्टमध्ये इमारतीचा वर्ग येतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करून पाडण्याची. सी-२ ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२ बी म्हणजे लोक राहत असताना करता येणारी संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. या लेखातलं पुढचं सगळं सी-२ बी आणि सी-३ साठी आहे. सी-१ आलं तर दुरुस्तीची कोटेशनं मागवण्यात वेळ घालवू नका, माणसं बाहेर काढा.

ऑडिट म्हणजे खाली उभं राहून काढलेले फोटो नव्हेत. या चाचण्या झाल्या आहेत का ते पाहा:

– रिबाउंड हॅमर: पृष्ठभागाच्या कठीणपणाचा अंदाज देतो. एकट्या याच्यावर निष्कर्ष काढलेला असेल तर तो पुरेसा नाही. जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेमुळे कडक झालेला असतो आणि आकडा फसवा येतो.
– अल्ट्रासॉनिक पल्स: ध्वनिलहरीचा वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली असेल तर आत पोकळी किंवा भेगा असण्याची शंका घ्यावी.
– हाफ सेल पोटेन्शिअल: सळईचा विद्युत दाब मोजतात. वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं तर सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांपेक्षा जास्त.
– कार्बोनेशन आणि क्लोराइड: काँक्रीटची अल्कली किती खोलवर गेली आणि मीठ किती मुरलं ते पाहतात. ही खाडीकाठची खास गरज. यांच्याशिवाय झालेलं ऑडिट आपल्या भागात अपुरं समजा.

शेवटची चाचणी का, ते सांगतो. सिमेंटच्या अल्कलीमुळे सळईभोवती एक संरक्षक थर तयार होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू काँक्रीटची अल्कली मारत सळईपर्यंत पोचतो, तेव्हा हा थर जातो. खारं वारं, किंवा बांधकामाच्या वेळी नीट न धुता वापरलेली खाडीची रेती, यांतलं मीठ तर अल्कली शिल्लक असतानाही तो थर फोडतं. मग गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो आणि बाहेरचं काँक्रीट ढलपून पाडतो. नुसतं कार्बोनेशन असेल तर नेहमीची दुरुस्ती पुरते. मीठ खोलवर असेल तर दुरुस्तीची पद्धतच बदलावी लागते.

५. टेंडरमध्ये शब्द काढून आकडे घाला

ऑडिटनंतर कन्सल्टंट, म्हणजे सोसायटीने नेमलेला तांत्रिक सल्लागार, कामांची यादी बनवतो. ती सर्वसाधारण सभेत मांडा, ठराव करा, निधी कुठून येणार ते लिहा. मॉडेल उपविधींत दुरुस्ती निधीची वर्गणी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडाची किमान ०.२५ टक्के आहे. बऱ्याच सोसायट्यांनी ती वर्षानुवर्षं कमी घेतलेली असते आणि मग एकदम मोठा हप्ता बसतो. सिंकिंग फंडाला हात लावायचा तर सभेचा ठराव आणि तज्ज्ञाचा दाखला हाताशी ठेवा.

यादीतल्या प्रत्येक ओळीत ‘ड्युरेबल’, ‘बेस्ट क्वालिटी’, ‘स्टँडर्ड’ हे शब्द खोडून त्यांच्या जागी चार गोष्टी लिहायला सांगा: कोणता माल, किती प्रमाणात, किती जाडीचा, किती दिवस पाणी मारायचं. ‘ड्युरेबल पॉलिमर ट्रीटमेंट’ ऐवजी ‘पॉलिमर मॉर्टर, सिमेंट आणि क्वार्ट्झ वाळू १:३, पॉलिमर सिमेंटच्या वजनाच्या १५ टक्के, सरासरी जाडी २५ मिलिमीटर, दोन थरांत’. (मॉर्टर म्हणजे सिमेंट-वाळूचं मिश्रण, पॉलिमर म्हणजे त्यात चिकटपणासाठी मिसळायचं रसायन.) असं लिहिलं की तीन ठेकेदारांचे दर एकमेकांशी तुलना करण्याजोगे होतात. तोवर सगळ्यात स्वस्त कोटेशन म्हणजे फक्त सगळ्यात पातळ थराचं कोटेशन असू शकतं.

सगळ्यात मोठा सापळा इथे आहे. काँक्रीट दुरुस्तीचं परिमाण टेंडरमध्ये मुद्दाम कमी धरलं जातं, म्हणजे एकूण रक्कम लहान दिसते. काम सुरू झालं की ‘फोडल्यावर जास्त निघालं’ म्हणून परिमाण दुपटीवर जातं. काही प्रमाणात हे खरंही असतं. आतला गंज बाहेरून पूर्ण दिसत नाही. म्हणून यादीत लिहा की टेंडरपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त परिमाण गेलं तर कन्सल्टंटची लेखी कारणं आणि कमिटीची मंजुरी लागेल, आणि वाढीव कामाचाही दर तोच राहील.

६. काँक्रीटची दुरुस्ती: इथे स्वतः उभे राहा

पैसा इथेच जातो आणि टिकणं-न टिकणंही इथेच ठरतं. परांची चढली की ठेकेदाराचा माणूस, कन्सल्टंटचा साइट इंजिनिअर आणि कमिटीचा एक सभासद अशा तिघांनी हातोड्याने ठोकत फिरायचं. भरीव आवाज आला तर पुढे चला. पोकळ, खडखडीत आवाज आला की खडूने चौकट काढा, नंबर द्या, लांबी-रुंदी मोजून वहीत लिहा, फोटो काढा, तिघांच्या सह्या घ्या. बिल या वहीवरून निघेल.

आता एका कॉलमचा कोपरा घेऊ आणि क्रमाने जाऊ.

अ) आधी टेकू. कॉलम किंवा बीम फोडण्यापूर्वी खालून प्रॉप लावून भार काढून घ्यायचा. शेजारशेजारचे दोन कॉलम एकाच वेळी फोडायचे नाहीत. घाई असली तरी यावर तडजोड नको.

आ) फोडणं. सुटलेलं काँक्रीट काढून थांबणारे गवंडी भरपूर. सळईच्या मागे किमान २० ते २५ मिलिमीटर जागा मोकळी झाली पाहिजे. तुमचं बोट सळईमागे सहज फिरलं पाहिजे. तेवढी जागा नसेल तर सळईची मागची बाजू जुन्या, बिघडलेल्या काँक्रीटमध्येच राहते आणि तिथून गंज पुन्हा सुरू होतो. सळईच्या लांबीच्या दिशेनेही गंज संपल्यावर स्वच्छ सळई साधारण ५० मिलिमीटर दिसेपर्यंत फोडा. चौकटीची कड कटरने सरळ कापून घ्या, कारण निमुळती कड पातळ थरात संपते आणि तीच आधी सुटते.

इ) गुलाबी चाचणी. ताज्या फोडलेल्या भागावरची धूळ फुंकून फिनॉल्फथॅलीन फवारा. काँक्रीट गडद गुलाबी झालं तर अल्कली शिल्लक आहे. रंगच आला नाही तर तेवढी खोली कार्बोनेट झालेली आहे. सळईच्या मागेही गुलाबी येत नसेल तर साइट इंजिनिअरला बोलावून किती खोल जायचं ते ठरवा. मिनिटभराची ही चाचणी करणारी कमिटी समोर असली की काम आपोआप सुधारतं. एक लक्षात ठेवा, मीठ हिच्यात दिसत नाही. त्यासाठी काँक्रीटची पूड प्रयोगशाळेतच पाठवावी लागते.

ई) सळई साफ करून मोजणं. वायर ब्रशने किंवा ग्राइंडरला लावलेल्या ब्रशने गंज पूर्ण काढा, अगदी मागच्या बाजूचाही. मग कॅलिपर लावा. १६ मिलिमीटरची सळई १४ची उरली असेल तर व्यासात दोनच मिलिमीटर गेले असं वाटतं, पण क्षेत्रफळ जवळजवळ २३ टक्के गेलेलं असतं, आणि भार क्षेत्रफळ पेलतं. इतकी झीज झाली की नवी सळई जोडावी लागते. तिचा लॅप, म्हणजे जुन्या सळईला लागून ठेवायची लांबी, साधारण व्यासाच्या ५० पट, म्हणजे १६च्या सळईला ८०० मिलिमीटर. नेमका आकडा कन्सल्टंट देईल. मुख्य सळयांभोवती बांधलेल्या रिंगा पाहायला विसरू नका. त्या सळईपेक्षा बारीक असतात, काँक्रीटच्या पृष्ठभागाच्या अधिक जवळ असतात आणि सगळ्यात आधी खाल्ल्या जातात. मुख्य सळया नव्या घालून तुटलेल्या रिंगा तशाच ठेवलेला कॉलम दुरुस्त झालेला नाही.

उ) गंजरोधक कोट. साफ केलेल्या सळईवर त्याच दिवशी पहिला कोट. पावसाळी किंवा दमट हवेत रात्रभरात पुन्हा तांबूस झाक येते. दोन कोट, दोन्हींमध्ये कंपनीने सांगितलेलं अंतर. गंज असतानाच वरून ‘रस्ट कन्व्हर्टर’ फासून पुढे जाणं ही नेहमीची पळवाट. ते रसायन ब्रशने साफ करून उरलेल्या डागांसाठी आहे, साफसफाईच्या बदल्यात नाही.

ऊ) बाँड कोट. जुन्या काँक्रीटवर पॉलिमर आणि सिमेंटची स्लरी. ती चिकट असतानाच मॉर्टर भरायचं. जेवणाच्या सुट्टीआधी स्लरी लावून सुट्टीनंतर मॉर्टर भरलं तर स्लरी वाळून तिचा उलट परिणाम होतो: नवा थर जुन्याला चिकटण्याऐवजी दोघांमध्ये पापुद्रा तयार होतो. पोकळ वाजणाऱ्या नव्या दुरुस्त्यांमागे बहुतेकदा हेच असतं.

ए) भरणं. १० ते १५ मिलिमीटरचे थर, दाबून. पन्नासच्या पुढे जाडी गेली तर हाताने थापू नका. शटरिंग लावून मायक्रो काँक्रीट (पिशवीत तयार मिळणारं, वाहतं काँक्रीट) ओतणं योग्य. मायक्रो काँक्रीटमध्ये पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच, मोजून. ‘नीट वाहत नाही’ म्हणून वरून मग भरून पाणी घातलं की ताकद गेली.

ऐ) पाणी. पॉलिमर मॉर्टरला आधी ओलसर ठेवणं आणि मग कंपनीच्या सूचनेप्रमाणे वाळू देणं असा क्रम असतो. साध्या सिमेंटच्या कामाला किमान सात दिवस. आठव्या मजल्यावर परांचीवरून पाणी मारायला माणूस रोज चढतो का, एवढं पाहा. कोणत्या कामावर कोणत्या तारखेला पाणी मारलं ते खडूने तिथेच लिहायला लावा.

खाडीच्या अगदी जवळच्या इमारतींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. काँक्रीटमध्ये मीठ मुरलेलं असताना फक्त बिघडलेला तुकडा बदलला, तर दोन-चार वर्षांत त्या तुकड्याच्या कडेला, आधी चांगल्या असलेल्या भागात, गंज सुरू होतो. आधी गंजणारा भाग शेजारच्या सळईला एक प्रकारे वाचवत असतो. तो दुरुस्त झाला की हे संरक्षण जातं. अशा वेळी दुरुस्तीच्या कडेला जस्ताचे सॅक्रिफिशिअल अ‍ॅनोड बांधतात. सळईऐवजी ते झिजतात. खर्च वाढतो, म्हणून क्लोराइडचा रिपोर्ट पाहून, लागेल तिथेच.

७. माल मोजा

पॉलिमर महाग असतं आणि कमी घातलं तर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून हिशेब ठेवा. ५० किलोची एक सिमेंटची गोणी, १५० किलो क्वार्ट्झ वाळू आणि साडेसात किलो पॉलिमर. एवढ्यातून सुमारे ०.१ घनमीटर मॉर्टर होतं. २५ मिलिमीटर जाडीने ते ४ चौरस मीटरला, म्हणजे ४३ चौरस फुटांना पुरतं. वाया जाणारा माल धरून ४० म्हणा. ठेकेदाराने ४०० चौरस फुटांचं बिल दिलं असेल तर जागेवर १० गोण्या आणि ७५ किलो पॉलिमर संपलेलं दिसलं पाहिजे. बाँड कोटचं पॉलिमर वेगळं. तुमच्या वहीतल्या रिकाम्या डब्यांचा हिशेब याहून बराच कमी भरत असेल तर बिल थांबवा.

रिकामे डबे आणि गोण्या सोसायटीच्या ताब्यात घ्या, मोजा आणि डब्यांना भोक पाडा, म्हणजे तेच डबे पुन्हा भरून येणार नाहीत. गोणीवर सिमेंट बनल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट परत पाठवा. पॉलिमर मगाने नव्हे, काट्यावर मोजूनच मिसळलं पाहिजे.

८. पाइप, गिलावा आणि गच्ची

क्रम महत्त्वाचा. आधी काँक्रीट, मग डक्टमधले (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या जागेतले) पाइप, मग गिलावा, शेवटी रंग. डक्टमधला गळका ड्रेनेज पाइप तसाच ठेवून शेजारची भिंत प्लास्टर केली तर ती वर्षभरात काळी पडते. नवे पाइप भिंतीला चिकटून न बसवता क्लॅम्पने थोडे सोडून बसवा, म्हणजे पुढे सांधा दुरुस्त करायला हात जातो.

बाहेरचा गिलावा दोन थरांत: पहिला १२, दुसरा ८ मिलिमीटर, मिळून २०. पहिला थर ओरखडून ठेवायचा. काँक्रीट आणि विटा जिथे भेटतात तिथे जाळी मारायची, नाहीतर बरोबर त्या रेषेत तडा येतो. छज्जावर बाहेरच्या बाजूला उतार आणि खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच ठेवा. ही खाच नसली की पाणी उलटं फिरून खिडकीवरच्या बीमपर्यंत येतं. भिंतीत पिंपळ किंवा वड उगवला असेल तर नुसता कापू नका. मूळ शक्य तितकं खणून काढा, औषध भरा, मग ती जागा बंद करा.

गच्चीचं काम करताना जुना कोबा (विटांच्या तुकड्यांचा उताराचा थर) काढायचा की त्यावरच नवा थर द्यायचा, हा प्रश्न येतो. थरावर थर चढवले की स्लॅबवरचा भार वाढत जातो. आधीच दोनदा कोबा झालेला असेल तर कन्सल्टंटचं लेखी मत घ्या. उतार किमान १:१००, म्हणजे दहा मीटरला १० सेंटिमीटर. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) पायथ्याशी गोलाकार वाटा, म्हणजे कोपऱ्यातली गोल कड, नीट वळवून घ्या, कारण बहुतेक गळती तिथूनच किंवा पाइपाच्या तोंडापासून सुरू होते. काम झाल्यावर पाइपांची तोंडं बंद करून किमान ४८ तास पाणी साठवा आणि खालच्या घरांची छतं पाहा. ही चाचणी चायना चिप्स (वरचे फरशीचे तुकडे) बसवण्यापूर्वी घ्या. नंतर गळलं तर सगळं उखडावं लागतं.

९. रंग

नवा गिलावा पूर्ण वाळल्याशिवाय रंग नको. साधारण २८ दिवस धरा. ओल्या भिंतीवर रंग दिला की फुगे येतात आणि लोणा बाहेर पडतो. कंपनीची पाच-सात वर्षांची वॉरंटी त्यांनी सांगितलेला प्रायमर, कोटांची संख्या आणि पातळ करण्याचं प्रमाण पाळलं तरच लागू होते. डब्यांचे बॅच नंबर लिहून ठेवा, वॉरंटीची नोंदणी सोसायटीच्या नावावर करून घ्या. दुरुस्त कॉलम-बीमवर कार्बन डायऑक्साइड रोखणारं कोटिंग असेल तर उत्तम, कारण ४५ मिलिमीटर कव्हर आता जुन्या इमारतीला देता येत नाही. ती उणीव काही अंशी हा थर भरून काढतो.

१०. गॅरंटी आणि शेवटचा पैसा

गॅरंटी ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर घ्या आणि त्यात ‘ड्युरेबल’ हा शब्द नको. हे हवं: कोणता भाग, किती वर्षं, काय झालं की बिघाड मानायचा (ओल, पोकळ आवाज, तडा), कळवल्यापासून किती दिवसांत दुरुस्ती, आणि न केल्यास कोणाच्या खर्चाने. ‘नैसर्गिक कारणांमुळे झालेली गळती वगळून’ असं वाक्य असेल तर काढायला लावा. पाऊस हे नैसर्गिकच कारण आहे.

प्रत्येक बिलातून साधारण पाच टक्के रक्कम रिटेन्शन म्हणून राखून ठेवतात. ती कधी सोडायची ते कराराच्या तारखेशी न जोडता पावसाळ्याशी जोडा: काम संपल्यानंतरचा पहिला पूर्ण पावसाळा गेला, ऑक्टोबरमध्ये संयुक्त पाहणी झाली, तेव्हाच. नोव्हेंबरमध्ये काम संपवून मे महिन्यात, पावसाळ्याआधीच, ‘सहा महिने झाले’ म्हणून पैसे मागितले जातात. पैसे सोडण्याआधी पुन्हा हातोडा घेऊन फिरा.

इमारत नवी असेल आणि ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर ठेकेदार शोधण्याआधी रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याचं कलम १४(३) वाचा. या मुदतीत संरचनेतला किंवा कारागिरीतला दोष लेखी कळवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा आहे.

११. काम झाल्यावर

दरवर्षी मे महिन्यात गच्चीची तोंडं, छज्जे आणि डक्ट साफ करा. ऑक्टोबरमध्ये इमारतीभोवती एक फेरी मारून नवे डाग आणि तडे वहीत लिहा. एसीचा ब्रॅकेट किंवा ग्रिल लावणाऱ्याला कॉलम-बीममध्ये भोक पाडू देऊ नका. सभासदाकडून आतल्या बदलांसाठी अर्ज घेताना ही अट छापूनच ठेवा.

आणि एक फाइल बनवा: ऑडिट रिपोर्ट, मोजमापांची वही, फोटो, मालाची बिलं, बॅच नंबर, गॅरंटीपत्रं आणि पुढच्या ऑडिटची तारीख. दुरुस्ती होईपर्यंत कमिटी बदललेली असते आणि गॅरंटी मागायची वेळ येते तेव्हा कागद कोणाच्या घरी आहे हेच कळत नाही. फाइलची एक प्रत ऑफिसात, एक सेक्रेटरीकडे आणि स्कॅन सोसायटीच्या ईमेलवर ठेवा. नव्या कमिटीला पदभार देताना तिची पोच सहीनिशी घ्या.